मोर्चाला गेली म्हणून मानधनावरच्या बाईला कामावरून काढता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण आशा स्वयंसेविका आहे, मोर्चाला गेली होती आणि परत आल्यावर तिच्या हातात ‘आपणास सेवेतून कमी का करण्यात येऊ नये’ अशी नोटीस पडली. तुमचा प्रश्न असा की असं काढता येतं का आणि आता तिने माफीनामा लिहून द्यावा का.

माफीनामा अजिबात लिहून देऊ नका. बाकीचं सांगते, पण आधी माझं ऐका.

मी अंगणवाडी सेविका आहे, १९ वर्षं झाली. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, त्यात मी होते. ५२ दिवस चालला तो संप. सेविकेला तेव्हा महिन्याला १०,००० रुपये मिळायचे आणि मदतनीस ताईला ५,५००. मागण्या होत्या मानधनवाढीच्या, पेन्शनच्या, ग्रॅच्युइटीच्या. त्यातली ग्रॅच्युइटी तर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्येच गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात मान्य केलेली होती. कोर्टाने दिलेली गोष्ट मागायलाही आम्हाला थंडीत सतरंजीवर बसावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या दारावर नोटीस चिकटवली गेली. मी त्या दिवशी जिल्हा परिषदेसमोर धरण्याला होते. घरी मुलगी एकटी, दहावीत होती. तिने ती दारातच वाचली आणि रडत फोन केला, ‘आई, तुला काढलं.’ २४ तासांत कामावर हजर व्हा, अन्यथा सेवा समाप्त. पत्रावरची तारीख १८ डिसेंबर, दारावर आली २१ ला. म्हणजे मुदत संपल्यावर मुदत कळवली.

मग चावीसाठी फोन सुरू झाले. अंगणवाडीची चावी द्या म्हणून. मी नाही म्हटलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. मी म्हटलं, लेखी मागा, आत काय काय आहे त्याची माझ्यासमोर यादी करा, यादीवर सही करून ताबा घ्या आणि चावी न्या. आत टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं होती, वजनकाटा होता, सगळी रजिस्टरं होती. उद्या एक पाकीट कमी निघालं तरी वसुली माझ्याच नावावर निघणार. ज्यांनी हे काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यादी कुणी केली नाही. दोन दिवसांनी सकाळी ते पहार घेऊन आले. पर्यवेक्षिका, ग्रामसेवक, सरपंच आणि पंच म्हणून गावातली चार माणसं. मी आदल्या रात्रीच गावी आले होते, तशीच धावत गेले. अंगणवाडीच्या ओट्यावर त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. पहिल्या दोन घावांत कडी वाकली, तिसऱ्याला कुलूप तुटलं. ते कुलूप मी माझ्या पैशांनी घेतलं होतं.

पंचनामा घरूनच लिहून आणलेला होता. ग्रामसेवकांनी वाचायला सुरुवात केली : ‘सेविकेशी वारंवार संपर्क साधूनही सेविका उपस्थित राहिल्या नाहीत, सबब पंचांसमक्ष कुलूप तोडण्यात आले.’ मी म्हटलं, अहो, मी इथं उभी आहे. त्यांनी वर बघितलंच नाही. मी म्हटलं, मग खाली एवढं लिहा की सेविका हजर होती आणि तिने यादी मागितली. ते म्हणाले, पंचनाम्यात तुमचं म्हणणं घ्यायची तरतूद नाही.

पंचांमध्ये एक म्हातारी आजी होती. तिची नात माझ्या अंगणवाडीत यायची. तिला अंगठा उठवायला सांगितलं तेव्हा तिने हात पदराखाली घेतला. म्हणाली, ‘बाई इथं उभी हाय आन् तुम्ही न्हाई म्हणून लिवताय. म्या अंगठा देत न्हाई.’ त्या आजीला ना घरकुल मिळालेलं, ना तिची निराधारची पगार वेळेवर येते. तिला सरपंचाची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. तरी तिने अंगठा दिला नाही.

माझ्या सख्ख्या दिराने सही केली. ते तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. माझ्याकडे न बघता सही केली आणि निघताना म्हणाले, ‘वहिनी, एवढ्याशा सहीनं काय होतंय? सरकारी काम आहे. उगं वाकडं कशाला घ्यायचं?’

काय होतंय ते सांगते. संप मिटला, नोटीस मागे घेतली गेली, मी कामावर रुजू झाले. पुढे मी माहितीच्या अधिकारात माझ्या फाईलच्या नकला मागितल्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि पानाला २ रुपये. त्या फाईलमध्ये तो पंचनामा जसाच्या तसा आहे. नोटीस मागे घेतल्याचं पत्र एका पानावर, आणि मी गैरहजर असल्याचा पुरावा चार पानांवर, खाली माझ्याच आडनावाची सही. उद्या माझ्याविरुद्ध कुणी काही काढलं तर तोच कागद पहिला वर येणार, आणि घरच्याच माणसाने खरं आहे म्हणून सही केलीय असं दाखवणार.

भाऊजी आजही म्हणतात की मी राईचा पर्वत करते. त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं, ‘तुम्ही सरकारी नोकर नाही, मग संप कसला?’ हेच वाक्य मला खरं झोंबतं, कारण सरकारही दोन तोंडांनी हेच बोलतं. पगारवाढ, पेन्शन मागितली की आम्ही मानसेवी. २००६ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की सेविकेचं पद हे शासकीय पद नव्हे. ठीक आहे. मग मार्च २०१८ मध्ये आम्हाला मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्यांना संप करायला बंदी घालणारा कायदा, कसा लावला? आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात २६ दिवसांचा संप झाला होता, त्यानंतर हे सुचलं. तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला आणि स्थगिती द्यावी लागली. द्यायच्या वेळी स्वयंसेविका आणि दाबायच्या वेळी अत्यावश्यक सेवा, हे मला मान्य नाही आणि कुणालाच मान्य असू नये. ज्या बाईशिवाय गावातल्या पोरांचं वजन होत नाही, लसीकरणाला बाया जमत नाहीत, ती जर इतकी अत्यावश्यक असेल तर तिला त्या मानाने वागवा.

आता तुमच्या बहिणीचं. आशाताई कागदोपत्री आमच्याहूनही उघड्यावर आहेत, नावातच स्वयंसेविका. त्यामुळे ‘काढता येतं का’ याचं खरं उत्तर असं की काढायचा प्रयत्न करता येतो. पण म्हणणं ऐकून न घेता परस्पर काढलं तर ते कोर्टात टिकणं अवघड, आणि कारण म्हणून ‘मोर्चाला गेली’ एवढंच लिहिलं असेल तर त्याहून अवघड. १९६२ चा कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार सरकार हा निकाल वकिलाला दाखवा. त्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की पक्क्या सरकारी नोकरालासुद्धा शांततेने निदर्शनं करायला सरसकट बंदी घालता येत नाही. मग मानधनावरच्या बाईला कशी घालता येईल?

तिने उत्तर लिहावं. उत्तरात माफी नको, तारखा हव्यात. मोर्चा कोणत्या दिवशी होता, त्या दिवशी तिची कोणती कामं ठरलेली होती, ती आधी किंवा नंतर केली का, संघटनेने प्रशासनाला आधी पत्र दिलं होतं का. उत्तर कार्यालयात हातोहात द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यायची. घेत नाहीत म्हणाले तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवायचं. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट फेकू नका, त्यावर पोस्टाची तारीख असते. दारावर चिकटवली असेल तर काढायच्या आधी फोटो घ्या. आणि आशाची निवड ग्रामसभेतून झालेली असते, तेव्हा ग्रामसभेत विषय काढा. गावातल्या ज्या बायांच्या बाळंतपणात ती रात्री-अपरात्री सोबत गेली, त्या उभ्या राहतील. माझ्यासाठी आजी उभी राहिली तशा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मोर्चा वेगळा आणि संप वेगळा. संप हा मूलभूत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या खटल्यात २००३ मध्ये म्हटलेलं आहे. तिथे त्या वेळी लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं होतं. तेव्हा तुमची बहीण एका दिवसाच्या मोर्चाला गेली होती की संपात होती, ते आधी तिला विचारा, कारण उत्तर त्यावर बदलतं. मी वकील नाही. संघटनेचा वकील असेल तर उत्तर द्यायच्या आधी त्याला दाखवा.

आणि घरातलं कुणी ‘सही करून टाक, कागदच आहे’ म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. तुम्ही स्वतःच तसं म्हणत असाल तर कृपा करून थांबा.

गेल्या दिवाळीत मी एक कागद लिहून भाऊजींसमोर ठेवला. ‘त्या दिवशी सेविका अंगणवाडीच्या ओट्यावर हजर होती, हे मी समक्ष पाहिले आहे.’ एवढं एकच वाक्य, खाली सहीला जागा. म्हटलं, तुम्हीच म्हणता ना एवढ्याशा सहीनं काही होत नाही, मग करा. ते चहा अर्धा टाकून उठले. कागद माझ्या पेटीत आहे. आजीने मात्र तिच्या नातीच्या हातून तसाच एक लिहून घेतला आणि न मागता अंगठा उठवून आणून दिला. तो मी फाईलला लावला, पोच घेऊन.