स्वेन्टझेलच्या मूर्त्या बघून माती हातात घेणार असशील तर
रॉक्सन स्वेन्टझेल आवडली ना, मग नुसते चेहरे बघू नकोस, हात-पाय बघ, तिचं अर्धं बोलणं तिथेच असतं. ही शिल्पकार बाई अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा प्युब्लो या मूळ रहिवाशांच्या गावची, जन्म 1962चा, लहानपणी नीट बोलता यायचं नाही म्हणून मनातलं सांगायला मातीची माणसं करायची. आणि मूर्त्या भरीव नसतात हं, कडबोळ्यासारख्या वळ्या करून एकावर एक चढवत आतून पोकळ उभ्या करते, तू पण तसंच कर, जाड ठोकळा भट्टीत टाकलास तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुटेल. खालचा भाग जरा आवळू दे, घाई केलीस की सगळं बसतं.

1988चं 'द इमर्जन्स ऑफ द क्लाउन्स' बघच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे चार कोशारे, म्हणजे प्युब्लो लोकांचे पवित्र विदूषक, जमिनीतून वर येतायत. पण ते पट्टे कॉपी करू नकोस प्लीज, कोशारे त्यांच्या धार्मिक विधींतले आहेत, डेकोरेशन नाही ते. तंत्र घे, माणसं आपल्या गल्लीतली कर.

तिची मुलगी रोझ सिम्पसन पण बघ, बोटांचे ठसे तसेच ठेवते, शिवाय तिने 1985ची शेवरले एल कमिनो गाडी प्रसिद्ध प्युब्लो कुंभार मारिया मार्टिनेझच्या काळ्यावर काळ्या नक्षीच्या मडक्यांसारखी रंगवलीय, ती तर भारीच.