वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर

प्रश्न : मी जर्मनीत राहतो. दोन ईएल८४ (पुश-पुल जोडीतले आउटपुट व्हॉल्व्ह), दोन ईसीसी८३ (सिग्नल वाढवणारे छोटे व्हॉल्व्ह) आणि ईझेड८१ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असा मोनो अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधतो आहे. सर्किट अमेरिकन आहे आणि तिथला १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचा ट्रान्सफॉर्मर मिळतो आहे. स्टेप-डाउन लावून तो चालेल का? नाहीतर कोणता घेऊ?

उत्तर : त्यावर ५०/६० हर्ट्‌झ छापलेलं असेल तर चालेल. नुसतं ६० असेल तर अजिबात घेऊ नका. स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो. फ्रिक्वेन्सी ५०च राहते. कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) चुंबकीय फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशेबाने ठरतो, म्हणजे इथे तो २० टक्के वाढणार. लोखंडात काटकसर केलेली असेल तर कोअर सॅच्युरेट होतो (त्यात आणखी फ्लक्स मावत नाही), प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडलेलं वाइंडिंग, भलताच करंट ओढते आणि ट्रान्सफॉर्मर लोड नसतानाही घुमतो, तापतो. उलट, ५० हर्ट्‌झचा ट्रान्सफॉर्मर ६०वर खुशाल चालतो.

तेव्हा २३० व्होल्ट प्रायमरीचाच घ्या. जुना २२०चा स्वस्तात मिळाला तरी मोह नको. २३०वर ६.३ व्होल्टचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) ६.६वर जातात आणि एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारं जास्त व्होल्टेज, हेही तेवढ्याच प्रमाणात चढतं.

आता बेरीज करू. ईएल८४चा हीटर ०.७६ अँपियर, दोघांचे १.५२. ईसीसी८३चे प्रत्येकी ०.३, ईझेड८१चा १. एकूण ३.१२. म्हणून ६.३ व्होल्टचं वाइंडिंग ४ अँपियरचं हवं. ३ अँपियरचं कमी पडतं. १० अँपियरचंही नको, कारण हलक्या लोडवर त्याचं व्होल्टेज ६.३च्या वरच राहतं.

एचटीची गाठ ईएल८४च्या ३०० व्होल्टच्या प्लेट-मर्यादेशी आहे. पूर्ण आवाजाला दोन्ही ईएल८४ स्क्रीनसकट सुमारे ११५ मिलीअँपियर घेतात, वर ईसीसी८३चे थोडे. ईझेड८१नंतर लोडवर डीसी अर्ध्या वाइंडिंगच्या जेमतेम १.१ पट मिळतं, म्हणून २७०-०-२७० व्होल्ट (मधून तार काढलेलं वाइंडिंग, प्रत्येक अर्ध २७०चं), १५० मिलीअँपियर. त्याच वाइंडिंगला सिलिकॉन डायोड लावलेत तर ३५०च्या आसपास जाल आणि ईएल८४च्या प्लेट तापून लाल होतील. ईझेड८१पुढचा पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नको. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा लावा. खर्च होणारी पॉवर ६० वॉटच्या घरात आहे, पण कपॅसिटर करंट झटक्याझटक्याने ओढतो आणि वाइंडिंग जास्त तापतं. म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपियर) घ्या.

तुमच्याकडचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे फेज कुठल्या तारेत येईल याचा नेम नाही. स्विच दोन्ही तारा तोडणारा, डबल-पोलच हवा. अर्थची तार चॅसीला स्वतंत्र बोल्टवर कसा. पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर ठेवा आणि स्विच बंद केल्यावर मिनिटभर थांबून, मीटरने मोजूनच आत हात घाला.

प्रश्न : माझा टोरॉइड (कड्यासारख्या कोअरचा ट्रान्सफॉर्मर) ११५+११५चा, म्हणजे ११५ व्होल्टच्या दोन प्रायमरींचा आहे. २३०साठी सिरीजमध्ये जोडला, पण चालू करताच फ्यूज जातो.

उत्तर : फ्यूज फास्ट असेल तर आधी तो बदला. टोरॉइड चालू होताना क्षणभर बराच करंट ओढतो. १०० व्हीएला ६३० मिलीअँपियरचा स्लो-ब्लो, ‘टी’ छापलेला, लागतो.

तरीही गेला तर सेकंडरी (सर्किटकडची वाइंडिंग) सगळ्या मोकळ्या करा आणि प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावा. बल्ब झपकन पेटून विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक, खोट पुढच्या सर्किटमध्ये. लख्ख पेटून राहिला तर एक ११५ उलटं जोडलं गेलंय: दोघांचे फ्लक्स एकमेकांना मारतात आणि करंट अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स उरतो. एका वाइंडिंगची टोकं अदलाबदल करा.

जोडणी बरोबर असूनही बल्ब पेटतोच? मग मधला बोल्ट पाहा. त्याचं वरचं टोक झाकणाला आणि खालचं चॅसीला टेकत असेल, तर बोल्ट, झाकण आणि चॅसी मिळून कोअरभोवती एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. झाकण आणि बोल्टच्या डोक्यामध्ये किमान १० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा.