वेगात बाईक चालवताना खरंच सिनेमातल्यासारखं वाटतं का?

तुम्ही विचारलंय की 'धूम'सारखे सिनेमे बघताना अंगावर काटा येतो, तर प्रत्यक्षात जोरात बाईक चालवताना पण तसंच वाटतं का, आणि या विषयावरचे बघण्यासारखे सिनेमे कुठले. मी गेली बरीच वर्षं गाडी चालवतोय, त्यातली शेवटची सहा-सात वर्षं बंद रेस ट्रॅकवर पण जातोय, आणि ज्यात बाईक आहे असा सिनेमा शक्यतो सोडत नाही. त्यामुळे दोन्हीबद्दल सांगतो, जरा लांबेल.

आधी एक गोष्ट, जी मला ट्रॅकवर गेल्याशिवाय कधी कळली नसती. शरीराला वेग कळतच नाही, वेगात होणारा बदल कळतो. विमानात आपण ताशी ८०० किमीने निवांत झोपतो ना, तसंच आहे हे. सरळ रस्त्यावर एकदा २०० चा काटा गाठला की पहिले काही सेकंद जीव मुठीत असतो आणि मग त्याची सवय होते, हो, अगदी २०० ची पण सवय होते आणि हेच सगळ्यात धोकादायक आहे. खरा थरार असतो तो वेग कमी करताना आणि वळताना. सिनेमावाले नेमकं उलटं करतात, ते स्पीडोमीटरचा काटा दाखवतात.

ट्रॅकवर मेन स्ट्रेटचा, म्हणजे सगळ्यात लांब सरळ पट्ट्याचा, शेवट कसा असतो ते सांगतो. तुम्ही छाती टाकीवर टेकवून, हनुवटी जवळजवळ टाकीला लावून काचेच्या मागे दडलेले असता. हेल्मेटमध्ये वाऱ्याचा घोंघाट असतो पण तो इतका एकसारखा की थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो, आत एक वेगळीच शांतता तयार होते. मग कडेला वळणाला किती मीटर उरलेत त्याच्या पाट्या दिसतात, ३००, २००, आणि तुम्ही उठून बसता. उठल्याक्षणी वारा छातीवर असा आदळतो की कोणीतरी भरलेलं पोतं फेकून मारलंय. दोन बोटं ब्रेकवर, आधी हलकं, मग दाबत दाबत, पुढचे शॉकअप खाली जात राहतात, मागचं चाक हलकं होऊन डावी-उजवीकडे वळवळायला लागतं, सगळं अंग पुढे सरकायला बघतं आणि ते वजन मनगटांवर येऊ द्यायचं नसतं, मांड्यांनी टाकी आवळून धरायची असते. तेवढ्यात एक-एक करत गिअर खाली. आणि हे सगळं चालू असताना नजर मात्र ब्रेकवर नाही, काट्यावर नाही, वळणाच्या आतल्या कडेला. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं पण मला ते नेहमी खूप लांब वाटतं, त्या वेळात डोक्यात दुसरा एकही विचार नसतो. ऑफिस नाही, घर नाही, काही नाही. मला विचाराल तर ज्याला आपण थरार म्हणतो तो हाच.

आणि मग वळण. डावीकडे वळायचं असेल तर डावं हँडल पुढे ढकलायचं, म्हणजे पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे पडते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात, वेगात प्रत्येक मोटरसायकल अशीच वळते, चालवणाऱ्याला माहीत असो वा नसो. ४५ अंशांत गाडी झुकली की बाजूने जो जोर येतो तो साधारण तुमच्या स्वतःच्या वजनाइतका असतो. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक रेसिंग स्पर्धेतले रायडर ६० अंशांच्या पुढे जातात, तिथे तो वजनाच्या पावणेदोन पट होतो. आणि हे सगळं टायरच्या किती भागावर चाललेलं असतं? जेमतेम तळहाताएवढ्या. पहिल्यांदा माझा गुडघा डांबराला लागला तेव्हा गुडघ्यावरच्या प्लास्टिकच्या स्लायडरचा खर्रर्र असा आवाज आला आणि मी इतका दचकलो की गाडी सरळच केली. पुढच्या राउंडला परत लागला, तेव्हा नाही दचकलो, आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडत होतो हे पिटमध्ये आल्यावर घसा बसला तेव्हा कळलं.

तुम्ही कधी मोटोजीपी बघत असाल तर इटलीतला मुजेलो ट्रॅक बघा. २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडर या रायडरने तिथे ताशी ३६६.१ किमी गाठले. सगळे तो आकडा लक्षात ठेवतात, पण मला त्याच्या पुढचे पाच-सहा सेकंद जास्त भारी वाटतात, कारण तिथून पहिल्याच वळणासाठी वेग १०० च्या आसपास आणायचा असतो.

आता सिनेमांचं. सिनेमात वेग बऱ्याचदा तयार केलेला असतो आणि त्यात फसवणूक वगैरे काही नाही, ती पण एक कलाच आहे. कॅमेरा रस्त्यापासून वीतभर उंचीवर लावला की ६० चा वेग पण १५० सारखा दिसतो कारण डांबर आणि पांढरे पट्टे नाकासमोरून जातात. शिवाय सेकंदाला २४ ऐवजी २०-२२ फ्रेम शूट करायच्या आणि नेहमीच्या स्पीडने दाखवायच्या. आणि आवाज, आवाज तर बहुतेक वेळा नंतर घातलेला असतो, म्हणून तर हिरो दहा-बारा वेळा वरचा गिअर टाकताना ऐकू येतो, खऱ्या गाडीला बहुतेक पाच-सहाच असतात. एवढं माहीत असूनही मला काटा येतो, प्रत्येक वेळी येतो.

पण काही सीन असे आहेत की जिथे कोणीतरी खरंच ते केलेलं आहे, आणि ते वेगळे दिसतात. 'द ग्रेट एस्केप' १९६३ चा. त्यात स्टीव्ह मॅक्वीन काटेरी कुंपणावरून उडी मारतो ती प्रत्यक्षात बड एकिन्स नावाच्या रायडरने मारलेली आहे. गाडी पण जर्मन सैन्याची दाखवलीय पण आतून ब्रिटिश ट्रायम्फ आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गाडीसारखी सजवलेली. बाकीचं बरंचसं रायडिंग मॅक्वीनने स्वतः केलंय, इतकं की पाठलाग करणाऱ्या जर्मन सैनिकाच्या वेषात काही शॉटमध्ये तोच आहे, म्हणजे एडिटिंगमध्ये तो स्वतःचाच पाठलाग करतोय. त्याच्या बसण्यातच कळतं बघा, कोपरं सैल, अंग गाडीबरोबर हलतंय. ज्याला गाडी येत नाही तो हँडल घट्ट धरतो, हे तुम्ही कुठल्याही सिनेमात ओळखू शकाल.

'मेट्रिक्स'च्या दुसऱ्या भागात (२००३) ट्रिनिटी डुकाटीवर समोरून येणाऱ्या ट्रॅफिकमधून जाते. तो हायवे खास शूटिंगसाठी बांधलेला होता, आणि त्यातलं अवघड रायडिंग डेबी इव्हान्स या स्टंट रायडरचं आहे, विनाहेल्मेट. ती ट्रायल्स या प्रकारातली, म्हणजे दगडधोंड्यांवरून अगदी हळू, तोल सांभाळत गाडी नेण्याच्या प्रकारातली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला अत्यंत हळू गाडी चालवता येते त्यालाच वेगात खरी चालवता येते. मिशन इम्पॉसिबलच्या २०२३ च्या भागात टॉम क्रूझ नॉर्वेमध्ये कड्यावरून बाईकसकट उडी घेतो, ती त्याने एका दिवसात सहा वेळा घेतली. त्याआधी तयारीसाठी ५०० हून जास्त स्कायडाईव्ह आणि १३,००० मोटोक्रॉस उड्या. पडद्यावर दिसतात ते काही सेकंद.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता मात्र 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन', २००५. बर्ट मन्रो हा न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलचा खरा माणूस. त्याची १९२० ची इंडियन स्काउट, जी नवी असताना ताशी ९० किमीच्या आसपास जायची, तीच गाडी तो पुढची चाळीसहून जास्त वर्षं घरच्या शेडमध्ये बदलत राहिला, पिस्टनसुद्धा स्वतः ओतून बनवायचा. तुटलेले भाग एका फळीवर मांडून ठेवायचा आणि त्यावर लिहिलेलं, वेगाच्या देवाला अर्पण. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी साधारण २९६ किमीचा, १००० सीसीच्या आतल्या गटातला विक्रम केला. अँथनी हॉपकिन्सने मन्रोचं काम इतकं मनापासून केलंय की त्या शेडमधले सीनच मी जास्त वेळा बघितलेत, मिठावरच्या धावेपेक्षा. हातात गरम धातू, चेहऱ्यावर काळजी, आणि मग इंजिन पहिल्यांदा चालू होतं. ज्यांनी कधी स्वतः कार्ब्युरेटर उघडून साफ केलाय त्यांना तिथे रडू येईल.

एक सीन पाठलागाचा नाहीये तरी सांगतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) सुरूच होतो तो टी. ई. लॉरेन्स या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मोटरसायकलने. अरुंद रस्ता, झाडी, तो वेग वाढवत जातो, समोर सायकलवाले येतात, आणि मग फांदीला लटकणारा गॉगल फक्त. खरा लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात असाच गेला, ब्रफ सुपिरिअर गाडीवर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना, सहा दिवस बेशुद्ध होता. त्याला तपासणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. या माणसाने त्यानंतर मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या रायडर्सना हेल्मेट सक्तीचं झालं.

हे मी का सांगतोय तर मी पण एकदा पडलोय, आणि ट्रॅकवर नाही, रस्त्यावर. उजवं वळण, वेग फार पण नव्हता, आत बारीक खडी पसरलेली. ती दिसली आणि मी तिच्याकडेच बघत राहिलो. बाईकवर जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, भीती वाटली की माणूस नेमका भीतीच्या गोष्टीकडे बघतो आणि तिथेच जाऊन पोचतो. पुढचं चाक गेलं, कॉलरबोन मोडलं. नंतर हेल्मेट हातात घेतलं तर हनुवटीच्या जागी दोन बोटं रुंद ओरखडा होता, आतला थर दिसेपर्यंत घासलेला. मी अर्धं हेल्मेट घालत असतो तर त्या जागी माझा जबडा असता. ते हेल्मेट अजून कपाटात वर ठेवलंय, टाकवत नाही.

म्हणून तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो, जोरात चालवायची हौस असेल तर ती बंद ट्रॅकवर भागवा. रस्त्यावर नाही म्हणजे नाही. १२० च्या वेगाला तुम्हाला काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात गाडी ३३ मीटर गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला ६० च्या वेगाला लागतं त्याच्या चौपट अंतर लागतं. रस्त्यावर समोरून कोण येणार हे तुमच्या हातात नाही. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, पडलात तर घसरायला जागा असते, शिकवणारा असतो, आणि अँब्युलन्स उभी असते. तिथे तुम्हाला भीतीच्या पलीकडचं काहीतरी सापडायला वेळ मिळतो.

आणि याच्या अगदी उलट टोकाचं बघायचं असेल तर 'टीटी थ्रीडी: क्लोजर टू द एज' ही २०११ ची डॉक्युमेंटरी बघा. आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी रेस, १९०७ पासून चालू आहे, बंद केलेल्या पण साध्याच रस्त्यांवर, दगडी भिंती आणि घरांच्या दारांना खेटून. एक राउंड ६०.७ किमीचा, २०० हून जास्त वळणं, आणि त्या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त रायडरांचा जीव गेलाय. या फिल्ममध्ये २०१० ची रेस आहे, इयान हचिन्सनने एका आठवड्यात पाच रेस जिंकल्या त्या वर्षीची, आणि गाय मार्टिन या रायडरच्या गाडीचा आगीचा लोळ झाला ते पण त्याच वर्षी. पण मला लक्षात राहिली ती त्या वर्षी गेलेल्या एका रायडरची बायको. ती कॅमेऱ्यासमोर बसून नवऱ्याबद्दल शांतपणे बोलते. मी ती फिल्म तीनदा बघितली आणि तो भाग एकदाही पुढे ढकलला नाही, कारण थरार आवडतो म्हणायचं आणि तेवढाच भाग टाळायचा हे मला जमत नाही.

शेवटी, खरं कसं वाटतं याच्या जास्तीत जास्त जवळ जायचं असेल तर सिनेमा पण नको. टीटीच्या एका पूर्ण राउंडचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच लावलेल्या कॅमेऱ्याचा, व्हिडिओ शोधा, पीटर हिकमन या रायडरने २०२३ मध्ये तो साडेसोळा मिनिटांच्या थोडं वर पूर्ण केला, सरासरी ताशी २१९ किमी. हेडफोन लावा, लाइट बंद करा. म्युझिक नाही, कट नाही. सुरुवातीलाच ब्रे हिलचा उतार येतो, तिथे तळाला गाडी पूर्ण दबलेली दिसेल. मग बलाफ ब्रिजची वाट बघा. छोटासा पूल आहे, त्याच्यावर दोन्ही चाकं जमीन सोडतात, मागच्या चाकावरचा भार गेला की इंजिनचा आवाज एकदम वर चढतो, आणि चाक टेकलं की परत खाली येतो. तो मधला अर्धा सेकंद ऐका.