दर विचारण्याआधी साइट बघ

प्रिय पोरी,

चिपळुणात जागा झाली, सातबाऱ्यावर तुझं नाव चढलं, वाचून फार आनंद झाला. तीन ठेकेदारांचे दर पाठवून तू विचारलंस, यातला कोण घेऊ. आत्ता तरी कोणालाच घेऊ नकोस. अजून नकाशा नाही, आरसीसी ड्रॉइंग नाही, मग स्क्वेअर फुटाचा भाव त्यांनी काढला कशावरून? एकाच्या भावात सेप्टिक टँक नि कंपाउंड नसेल, दुसरा गॅलरी आणि जिना वेगळा लावेल. या कागदांवरून स्वस्त कोण ते कळायचं नाही.

आधी आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठ. जागेचा झोन आणि पूररेषा पहिल्याच भेटीत तपासून घे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारपाजारच्या भिंतींवर दाखवणारे लोक तिथे आहेत, त्यांना विचार. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. जोतं किती उचलायचं ते यावर ठरव, रस्त्याच्या उंचीवर नको. पश्चिमेकडून झड येते, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्यांना छज्जे खोल हवेत.

आता ठेकेदार. त्याने मोबाइलवर दाखवलेले फोटो बाजूला ठेव. त्याचं चालू काम बघ, शक्यतो स्लॅबच्या दिवशी, न सांगता जा. मिक्सरवरचा माणूस माल ढिला व्हावा म्हणून मगाने पाणी ओततोय का? हाताने प्रमाण लावलेल्या एम20 दर्जाच्या काँक्रीटला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे 50 किलोच्या गोणीमागे 30 लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक आहेत की खडीचे तुकडे सरकवलेत? कोकणच्या दमट हवेत कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलं की सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक नीट आत वळवलेत की नुसते काटकोनात सोडलेत, तेही बघ. मिस्त्री तुझ्या प्रश्नांना कंटाळला तर कंटाळू दे. मग त्याच ठेकेदाराचं चार-पाच पावसाळे झालेलं घर शोध. मालकिणीला विचार, बाथरूमखालची भिंत ओलावते का, आणि काम संपल्यावर हा माणूस फोन उचलतो का. माझ्या मते दरापेक्षा या दोन उत्तरांना जास्त वजन दे.

करार स्टॅम्प पेपरवर कर. मालासकट की फक्त मजुरी, मोजणी कशी, सिमेंट-सळई कुठल्या कंपनीची, सगळं लिहून हवं. विकायला बांधलेल्या प्रकल्पांवर लक्ष ठेवायला महारेरा हे सरकारी प्राधिकरण आहे. आपल्या जागेत आपल्यापुरतं घर बांधताना ती सोय नाही. उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली तरी आधी करारच मागतील. पैसे टप्प्याटप्प्याने दे: जोतं, स्लॅब, चिऱ्याचं काम, गिलावा. कामाच्या पुढे पैसा जाऊ देऊ नकोस, आणि पाच टक्के तरी एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेव. चांगला ठेकेदार या अटीला बिचकत नाही.

दिवाळीनंतर पाया धरलास तर मृगाच्या आत स्लॅब पडेल. पाणी मारायला माणूस आत्तापासून बघून ठेव, कारण बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट मिळतं आणि त्याला निदान दहा दिवस ओलावा लागतो. गावात उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं, त्यामुळे बोअर किंवा टँकरची सोय पायाच्या आधी व्हायला हवी.

आर्किटेक्टचा पहिला आराखडा आला की मला पाठव. आईबाबांची खोली तळमजल्यावरच घ्यायला सांग, आणि तिच्या बाथरूमला उंबरा ठेवू नकोस.

तुझा काका