कोल्हापुरात नदीपासून लांब घर आहे, पुराचा विमा घ्यावा का?

घ्या. ‘लांब’ या शब्दावर विसंबू नका. नदीपासूनच्या अंतरापेक्षा जमिनीची उंची महत्त्वाची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा तुमच्या गल्लीत कुठवर आलं, हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. मग पूररेषेचा नकाशा बघा: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. लाल रेषेबाहेर असलात तरी तुंबलेला नाला आहेच!

‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. त्यात पूर आणि पाणी साचणं दोन्ही धरलेलं आहे. विमा रक्कम मात्र बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या बाजारभावावर नाही. घरातलं सामान आपोआप धरलं जातं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

गृहकर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेला विमा एकदा वाचा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नव्हे.