पाचशे मायक्रोसेकंद पाचशेच का राहत नाहीत?

प्रश्न : अर्डुइनो उनो आर3 या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर मी 1 किलोहर्ट्झची चौकोनी लहर तयार करत आहे. डिजिटलराइटने पिन हाय करायची, डिलेमायक्रोसेकंड्सने 500 मायक्रोसेकंद थांबायचे, पिन लो करायची आणि पुन्हा तितकेच थांबायचे, एवढाच प्रोग्राम आहे. ऑसिलोस्कोपवर मात्र वारंवारता 990 हर्ट्झच्या आसपास दिसते आणि लहरीची कड सतत थरथरते. 500 ऐवजी 496 लिहिल्यास आकडा जवळ येतो, पण थरथर जात नाही. काय चुकते आहे?
— एक विद्यार्थी वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या लहरीत दोन वेगवेगळ्या चुका मिसळल्या आहेत आणि 496 या आकड्याने त्यांतली एकच झाकली जाते, तीही प्रोग्राममध्ये आणखी एखादी ओळ येईपर्यंतच.

पहिली चूक ठरावीक मापाची आहे. या बोर्डावरील एटीमेगा328पी हा प्रोसेसर 16 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याचा एक ठोका 62.5 नॅनोसेकंदांचा असतो. डिजिटलराइट हे फंक्शन दर वेळी पिन कोणत्या पोर्टवर (पिनांच्या गटात) आहे हे तक्त्यातून शोधते, तिच्यावर पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवणे) चालू आहे का ते तपासते आणि मग पिन बदलते. यात तीन-चार मायक्रोसेकंद सहज जातात व ते तुमच्या 500 मध्ये मिळवले जातात. पोर्टच्या रजिस्टरमधील (प्रोसेसरच्या आतील नियंत्रणाच्या जागेतील) तो बिट थेट बदलल्यास हेच काम दोन ठोक्यांत होते.

थरथरीचे कारण निराळे आहे. मिलिस हे मिलिसेकंद मोजणारे फंक्शन चालावे म्हणून प्रोसेसरमधील टायमर0 दर 1024 मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट देतो, म्हणजे चालू काम अडवून दुसरे छोटे काम करायला लावतो, आणि तेवढा वेळ तुमची थांबण्याची मोजणी खोळंबते. तुमचे आवर्तन साधारण 1000 मायक्रोसेकंदांचे असल्यामुळे हा इंटरप्ट कधी हाय भागात पडतो, कधी लो भागात, तर एखाद्या आवर्तनात येतच नाही. इंटरप्ट बंद ठेवणे हा उपाय सुचेल, पण तो फार थोड्या वेळापुरताच परवडतो. डब्ल्यूएस2812 एलईडींच्या पट्टीला 1.25 मायक्रोसेकंदांचे बिट पाठवताना तसे करावेच लागते. मात्र 300 एलईडींना लागणाऱ्या 9 मिलिसेकंदांत मिलिसचे घड्याळ सात-आठ मिलिसेकंद मागे पडते.

तुमच्या कामासाठी लहर प्रोग्रामने न बनवता टायमर1 या प्रोसेसरमधील दुसऱ्या टायमरकडे सोपवावी. त्याला सीटीसी मोडमध्ये (ठरलेला आकडा गाठताच मोजणी शून्यावर येते) ठेवा, प्रीस्केलर (ठोक्यांना भागणारा आकडा) 1 निवडा, तुलना जुळताच ओसी1ए ही पिन, म्हणजे बोर्डावरील 9 क्रमांकाची पिन, उलटेल असे करा आणि ओसीआर1ए या तुलनेचा आकडा ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये 7999 भरा. मोजणी शून्यापासून होत असल्यामुळे अर्धे आवर्तन नेमके 8000 ठोक्यांचे, म्हणजे 500 मायक्रोसेकंदांचे होते. 9 क्रमांकाची पिन आउटपुट म्हणून जाहीर करायला विसरू नका. बहुतेकांची लहर ‘दिसतच नाही’ ती याच कारणाने. येथे पिन हार्डवेअरच उलटवत असल्यामुळे प्रोसेसर इंटरप्टमध्ये गुंतला असला तरी कड हलत नाही. टायमरच्या इंटरप्टमध्ये शिरून पिन हाताने उलटवली, तर मात्र हा फायदा जातो, कारण आधीचा इंटरप्ट संपेपर्यंत नव्याला थांबावे लागते. टायमर1 असा गुंतल्यावर सर्वो मोटर चालवणारी सर्वो लायब्ररी आणि 9 व 10 या पिनांवरील ॲनालॉगराइट (पीडब्ल्यूएम देणारे फंक्शन) वापरता येणार नाही, हे ध्यानात ठेवून बाकीची जोडणी ठरवा.

एवढे केल्यावर ऑसिलोस्कोपवर 998 किंवा 1003 असा स्थिर आकडा आला, तर प्रोग्राममध्ये दोष शोधू नका. या बोर्डावर एटीमेगा328पीला ठोका देणारा सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणजे तुमच्या लहरीत 5 हर्ट्झपर्यंत असू शकते. 50 पीपीएमच्या (दहा लाखांत 50 भाग चुकीच्या) क्वार्ट्झ क्रिस्टलवर तोच प्रोग्राम चालवल्यास ही चूक 0.05 हर्ट्झवर येईल.