जर्मन गाडीची पुढची अलॉय चाकं सारखी काळी पडतात; बाहेरचे सिरॅमिक ब्रेक पॅड लावावेत का?

तुम्ही लिहिलंय की राहायला पर्वरीला, गाडी बीएमडब्ल्यू ३ सिरीज, वॉरंटी संपलेली, रोजचं जाणं-येणं पणजीला. रविवारी धुतलेली पुढची चाकं गुरुवारपर्यंत काळी होतात आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "जर्मन गाड्यांचं असंच असतं." त्याचं म्हणणं खरं आहे, पण ते निमूट सहन करायलाच हवं असं नाही. माझं फोंड्याला ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामाचं वर्कशॉप आहे. तुमच्यासारख्या वापराला सिरॅमिक पॅड लावाच, धूळ ठळकपणे कमी होईल. फक्त ऑर्डर देण्याआधी चाकं नीट तपासा, आणि पॅड बसवताना डिस्ककडेही, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या तबकडीवर पॅड घासतात तिच्याकडेही, तेवढंच लक्ष द्या.

ही काळी पूड नुसत्या पॅडची नसते. युरोपियन कंपन्या बहुतेक गाड्यांना कारखान्यातून लो-मेटॅलिक पॅड देतात, म्हणजे ज्यांच्या मिश्रणात पोलादाचे तंतू असतात. हे पॅड डिस्कला घासून, खरवडून गाडी थांबवतात. त्यामुळे पॅडबरोबर बिडाची डिस्कही झिजते आणि तुमच्या चाकावर बसते ती बरीचशी लोखंडाची पूड. तिकडे ऑटोबानवर ताशी दोनशेच्या वेगातून, थंड ब्रेकवरही पहिल्या दाबाला पकड मिळावी म्हणून हे मिश्रण निवडलेलं असतं. मांडवीच्या पुलावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला त्यातलं फारसं काही लागत नाही. धूळ मात्र पूर्ण मिळते. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि ब्रेकचं सुमारे ७० टक्के काम पुढची चाकं करतात, म्हणून काळी तीच पडतात.

आपल्याकडे याला खाऱ्या हवेची जोड मिळते. गरम लोखंडी कण अलॉयच्या लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, चिकटतात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. धुतलेल्या, कोरड्या चाकावरून बोट फिरवा. खरखर लागली आणि जवळून पाहिल्यावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले, तर ते हेच. मिरामार, दोनापावला, वास्को भागातल्या गाड्यांवर मला हे नेहमी दिसतं. वेळेवर काढले नाहीत तर लॅकर फुगतं आणि मग चाक रंगवण्यावाचून इलाज राहत नाही.

आता तपासणी. पुढची दोन्ही चाकं शेजारी शेजारी फोटो काढून बघा. दोन्ही सारखी काळी असतील तर दोष पॅडच्या मिश्रणाचा. पण एकच चाक जास्त काळं असेल तर महागातले पॅड घेऊन काही होणार नाही, कारण बहुधा त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकतोय. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या गाईड पिनच्या रबराला चीर पडते, पावसाचं पाणी आत जातं, पिन गंजते आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. ओळखायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर शक्य तितका कमी ब्रेक वापरून थोडा वेळ गाडी चालवा, हळूच थांबवा आणि दोन्ही चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एका बाजूची झळ स्पष्ट जास्त लागली तर आधी कॅलिपर उघडायला सांगा. पिना साफ करणं आणि रबरं बदलणं हे किरकोळ काम आहे. ते टाळलं तर नवे पॅडही एका बाजूने खाल्ले जातात. (डिचोली-उसगावकडे जाणं असेल तर खाणपट्ट्यातली लाल धूळ वेगळी काढा. ती साध्या पाण्याने निघते, ब्रेकची निघत नाही.)

सिरॅमिक पॅडचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. त्यात पोलादाचे तंतू नसतात. पॅडचाच एक पातळ थर डिस्कवर चढतो आणि पॅड मुख्यत्वे त्या थरावर घासतो. डिस्क कमी झिजते, म्हणून लोखंडाची पूड कमी. जी धूळ होते ती फिकट रंगाची असते आणि चाकाला घट्ट धरत नाही. युरोपियन गाड्यांसाठी एकेबोनोची युरो मालिका, एटीईचे सिरॅमिक, टेक्स्टारचे ईपॅड, ईबीसीचे रेडस्टफ ही नावं या कामासाठी ओळखली जातात. माझा कल एटीई किंवा टेक्स्टारकडे, कारण दोन्ही मूळ गाड्यांना ब्रेकचे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. नावापेक्षा पॅडच्या मागच्या पत्र्यावर काय छापलंय ते वाचा. 'ई' अक्षर, आकडा आणि '९०आर' असा शिक्का असेल तर तो पॅड युरोपच्या आर-९० नियमात बसतो, म्हणजे त्याची ब्रेकिंग मूळ पॅडच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असल्याचं तपासलेलं आहे. काही पॅडांच्या कडेवर इंग्रजी दोन अक्षरं असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्या पॅडची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर, ई त्याच्या खाली. दुसरं अक्षर ई असलेला पॅड मी एवढ्या वजनाच्या आणि ताकदीच्या गाडीला बसवणार नाही, मग धूळ कितीही कमी होवो. खोकं ओळखीचं पण पॅडवर शिक्का नाही किंवा छपाई पुसट, असा माल बाजारात फिरतो. तो परत करा.

तोटेही ऐका. पहिल्या दाबाला ती करकचून पकड मिळत नाही, पेडल थोडं जास्त दाबावं लागतं. आठवड्याला सवय होते. पण तुम्ही बेळगावला चोर्ल्यातून किंवा हुबळीकडे अनमोडातून गाडी भरून वरचेवर जात असाल आणि उतारावर वेगात ब्रेकवरच गाडी आणायची सवय असेल, तर मूळ पॅडच ठेवा आणि चाकं धूत राहा. अधूनमधून आंबोली चढणाऱ्याने स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरने गिअर खाली ठेवून उतरावं, म्हणजे सिरॅमिक बिनतक्रार चालतात. दुसरा अपवाद जहाजावर काम करणाऱ्यांचा, ज्यांची गाडी महिनोन् महिने घरी उभी असते. पावसात डिस्कवर चढलेला गंज लो-मेटॅलिक पॅड चार ब्रेकांत खरवडून टाकतो, सिरॅमिकला वेळ लागतो, आणि गंज खोल गेला तर तो तसाच राहून ब्रेक थरथरतो. तुमची गाडी रोज फिरते, तेव्हा तुम्हाला ही काळजी नको. आणि हे सगळं साध्या बिडाच्या डिस्कबद्दल आहे. कार्बन-सिरॅमिक डिस्क असलेल्या गाडीला हे पॅड अजिबात लावू नयेत, तिचे पॅड वेगळे असतात.

बसवताना घाई करू देऊ नका, निकाल इथेच ठरतो. जुन्या डिस्कवर जुन्या पॅडचा थर आणि रेघा असतात, त्यावर नवा थर नीट चढत नाही. डिस्कच्या टोपीवर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजून ती त्याच्या जवळ आली असेल तर डिस्क बदला, जाडी भरपूर असेल तर लेथवर हलकी साफ करून घ्या. डिस्क काढल्यावर हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, जो गोल चेहरा दिसतो त्यावर आपल्याकडे हमखास गंज असतो. तो तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायला सांगा, समोर उभं राहून. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क तिरकी बसते आणि काही दिवसांनी स्टिअरिंग थरथरायला लागतं. शिव्या मात्र नव्या पॅडला बसतात. पॅड झिजल्याची सूचना देणारा वेअर सेन्सर नवा घाला आणि गाडीच्या सिस्टिममध्ये रीसेट करून घ्या. पॅड एका एक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलायचे. जमलं तर मागेही त्याच जातीचे घाला, म्हणजे पुढच्या-मागच्या पकडीचा तोल बिघडत नाही. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडला टाकावं लागतं. तसं न करता स्क्रू-क्लॅम्पने कॅलिपरचा पिस्टन दाबणाऱ्याला थांबवा, हँडब्रेकची मोटर तुटते.

मग पॅड बसवून घेणं, म्हणजे बेडिंग. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. मध्ये अर्धा मिनिट सोडून असं आठ-दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून धरली तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक जवळपास न वापरता चालवून डिस्क थंड होऊ द्या. पहिले काही दिवस थोडी धूळ दिसेल, त्यावरून निकाल लावू नका.

आधीचे नारिंगी ठिपके काढायला आयर्न रिमूव्हर मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो आणि गंधकासारखा वास येतो. चाक थंड असताना सावलीत मारा, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. अ‍ॅसिडवालं क्लीनर नको, ते लॅकर खातं. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकची धूळ उडवणंही बंद करा, ती श्वासात जाते. ही पूड फक्त दिसायला वाईट असती तर युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या यूरो ७ नियमांत ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली नसती: पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला ३. चाकाच्या आत बसवायच्या धूळ अडवणाऱ्या चकत्याही कोणी सुचवेल. घेऊ नका, त्या ब्रेकला लागणारी हवाच अडवतात.

दोन्ही पुढच्या चाकांचा फोटो, गाडीचं वर्ष आणि डिस्कची मोजलेली जाडी इथे टाका. डिस्क चालेल की बदलावी लागेल ते बघून सांगतो.